कुल्फीच्या मटक्यात कोणतं मीठ घालायचं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



जत्रांचा हंगाम जवळ आलाय. ज्या गटांनी यंदा मटका कुल्फीचा स्टॉल लावायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी आज मिठाबद्दल बोलायचं आहे. दूध आटवलं, साचे भरले, गर्दीही आली. पण कुल्फी पातळच राहिली तर? दूध वाया जातं, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून हे आधीच समजून घेऊ.

"मीठ टाकलं की बर्फ जास्त टिकतो," असं बऱ्याच जणी म्हणतात. तसं नाही. मिठाने बर्फ उलट लवकर वितळतो. मग मीठ टाकायचंच कशाला? तर वितळताना तो जास्त गार होतो म्हणून.

हे असं बघा. नुसता वितळणारा बर्फ 0 अंशावर राहतो. कुल्फीत साखर असते, त्यामुळे ती गोठायला 0 च्या खाली जावं लागतं. म्हणजे नुसत्या बर्फात साचा दिवसभर ठेवला तरी कुल्फी धरणार नाही. मीठ घातलं की ते बर्फावरच्या पाण्यात विरघळतं. खारं पाणी 0 अंशाला गोठत नाही, म्हणून बर्फ वितळतच राहतो. वितळायला उष्णता लागते. ती तो साच्यातल्या दुधातून ओढून घेतो. किती? 1 किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 1 किलो बर्फगार पाणी 80 अंशांपर्यंत तापेल!

वजनाने 3 किलो बर्फाला 1 किलो मीठ घेतलं, तर मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. त्याहून जास्त मीठ घालून आणखी गार होत नाही, पैसे मात्र जातात.

आता मिठाचे प्रकार.

जाडं मीठ : मटक्यासाठी हेच घ्या. खडे हळूहळू विरघळतात, त्यामुळे गारवा बराच वेळ मिळत राहतो. शिवाय स्वस्त पडतं.

बारीक मीठ : चालतं, पण झटकन विरघळून तळाशी जातं किंवा त्याचे गोळे होतात. यातलं आयोडीन इतकं किरकोळ असतं की बर्फाला काही फरक पडत नाही.

सैंधव : उपवासाला ठीक आहे. पण तेही मुळात तेच मीठ, त्यामुळे जादा पैसे देऊन जादा गारवा मिळत नाही.

कमी सोडियमचं मीठ : यात पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं असतं. वजनाला वजन धरलं तर त्याचा परिणाम कमी.

कॅल्शियम क्लोराईड : थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ काढायला साध्या मिठाबरोबर हेही वापरतात. फार कमी तापमानातही ते काम करतं, पण त्याने त्वचेला त्रास होतो. खाण्याच्या धंद्यात ते नकोच. खताचा पोटॅश किंवा युरियाही मटक्याजवळ आणू नका.

मटका भरताना बर्फ बारीक फोडा. एक थर बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ. साच्याचं झाकण घट्ट लावा आणि खारं पाणी झाकणापर्यंत चढू देऊ नका, नाहीतर कुल्फी खारट होईल. पाणी चढलं की थोडं काढा. सगळं काढू नका, कारण तेच गार पाणी साच्याला सगळीकडून लागून असतं.

मासळी विकणाऱ्या मावशींसाठी वेगळा सल्ला. तुम्हाला मासळी गोठवायची नसते, फक्त गार ठेवायची असते. तिथे नुसता बर्फच बरा. मीठ टाकलंत तर बर्फ लवकर संपेल आणि मासळीही खारट होईल.

आता काळजीच्या गोष्टी. मीठ लावलेला बर्फ हातात धरून ठेवू नका, पोरांनाही खेळू देऊ नका. भाजल्यासारखी जखम होते. मटक्यातलं खारं पाणी शेतात, परसात किंवा विहिरीजवळ ओतू नका, जमीन खराब होते. बिगर आयोडीनचं जाडं मीठ वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवा. ते स्वयंपाकात गेलं तर घरच्यांना आयोडीन मिळणार नाही, आणि त्याच्या कमतरतेने गलगंड होतो. सरबतात घालायचा बर्फ खाण्यायोग्यच घ्या. निळसर रंगाचा बर्फ खाण्यासाठी नसतो.

जत्रेच्या आठवडाभर आधी प्रत्येक गटाने एक मटका करून बघा. बर्फ किती, मीठ किती, कुल्फी धरायला वेळ किती, हे वहीत लिहा. बर्फ आणि मिठाचा खर्च वेगवेगळा मांडा. पुढच्या सभेला त्या वह्या घेऊन या. कुणाचं माप स्वस्तात जमलं ते सगळ्या मिळून बघू आणि तेच माप सगळ्या गटांना देऊ.