कर्जाचा हिशेब मिळालाच पाहिजे!



आम्ही गिरणी कामगार पतपेढीचं कर्ज काढतो, तेव्हा मर्यादा आधी ठरते, पैसा मागाहून मिळतो. सरकारचं उलटं! सरकारी कर्जाला संसदेनं कायद्यानं मर्यादा घालावी, ही सोय घटनेच्या २९२ व्या कलमात १९५० पासून आहे. तुटीला लगाम घालणारा वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला २००३ साली. त्रेपन्न वर्षं! २०१८ च्या दुरुस्तीनं केंद्राचं कर्ज मार्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. तेही झालं नाही. मात्र कबूल केलेलं पाळलं नाही, तर अर्थमंत्र्यानं संसदेत खुलासा करावा, असं कलम त्याच कायद्यात आहे. तेव्हा मत मागायला येणाऱ्या खासदाराला आमचं एवढंच सांगणं: सभागृहात उठा, जाब विचारा! कर्ज फिटतं आमच्या घामानं. हिशेबही आम्हाला मिळालाच पाहिजे!