फळमाशी बागेतच अडवा



परदेशी जाणाऱ्या हापूसला कीडमुक्त असल्याचा दाखला लागतो. हा दाखला देशाच्या वतीने देण्याची व्यवस्था केंद्र शासनाच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती फळमाशीमुळेच. तीही ऐन हंगामात! तपासणी कडक झाल्यावर 2015 च्या आरंभी बंदी उठली.

48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवल्यास फळातील अंडी व अळ्या मरतात. पण पोखरलेला आंबा काही पुन्हा चांगला होत नाही, आणि दाखल्याने तर नाहीच. मादी पक्व होणाऱ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी पुढे जमिनीत कोषात जाते. म्हणून गळलेली फळे कलमाखाली राहू देऊ नका. रोज वेचून खोल पुरा.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावा. त्यातील मिथिल युजेनॉलकडे फक्त नर येतात. शेजारच्या बागेत नराशी संयोग झालेली मादी गडगा ओलांडून येतेच. तेव्हा सापळे वाडीतील सर्वांनी एकाच वेळी लावावेत.