सगळं घर एका व्हिसावर



आज मी आखातात संसार करणाऱ्या बायकांशी बोलणार आहे, आणि ज्यांच्या मुली-सुना तिकडे आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत त्यांच्याशीही. खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या भागात गल्फला कुणीच गेलेलं नाही असं गाव शोधावंच लागेल. मी स्वतः शारजात बरीच वर्षं काढली, म्हणून जे सांगते ते मुख्यतः यूएईचं, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी या बाजूचं आहे. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीनचे नियम वेगळे आहेत, पण मुद्दा सगळीकडे तोच.

नवी मुलगी निघाली की तिला काय विचारतात? कुकर नेऊ का, तांदूळ चांगला मिळतो का, गोडा मसाला किती नेऊ. अगं, तिकडे सगळं मिळतं. कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तिकडे आपलं घर कुणाच्या कागदावर उभं आहे?

ते उभं असतं नवऱ्याच्या व्हिसावर. कंपनी नवऱ्याला व्हिसा देते आणि नवरा बायकोमुलांचा स्पॉन्सर होतो. त्यासाठी त्याचा पगार महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा, एवढा तरी लागतो. नोकरी गेली की त्याचा व्हिसा जातो, आणि त्याच्यावर असलेले बायकोमुलांचे व्हिसा आधी रद्द करावे लागतात किंवा दुसरीकडे वळवावे लागतात. म्हणजे चार माणसांचं घर एका कागदावर. आणि त्या कागदाची माहिती घरात बहुतेक वेळा एकाच माणसाला असते.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच: घरात एक फाइल करा आणि ती बाईच्या हाताखाली असू द्या.

या फाइलची सुरुवात इकडेच होते. पहिला कागद लग्नाचा दाखला. लग्नपत्रिका आणि फोटो तिकडे चालत नाहीत. लग्नाची रीतसर नोंदणी करून दाखला घ्या. त्यावर आधी आपल्या राज्य शासनाचा शिक्का, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा, आणि तिकडे गेल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. शिवाय अरबी भाषांतर. सौदी, ओमान आणि बहरीनला अपोस्टिल नावाचा एकच शिक्का चालतो, यूएईला तो चालत नाही. मुलांच्या जन्मदाखल्यांचंही असंच. आणि नावाचं स्पेलिंग दाखल्यावर, पासपोर्टवर, आधारवर एकच आहे ना, ते निघण्याआधी पाहा. एका अक्षरासाठी सहा सहा महिने रखडलेली घरं मी पाहिली आहेत.

दुसरा कागद डॉक्टरांचा. घरात कुणाला रोजची गोळी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी फाइलीत हवी. आपल्याकडे सहज लिहून देतात अशी काही वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं, म्हणजे ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली, तिकडे नियंत्रित यादीत आहेत. ती आधी परवानगी न काढता नेऊ नका. आणि खसखस! यूएईत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थात धरतात. सासूबाईंनी प्रेमाने दिलेल्या डब्यातले अनारसे आणि मसाल्याची पुडी बॅगेत ठेवण्याआधी त्यात खसखस आहे का ते विचारा. पान आणि गुटखाही नेऊ नका.

आता तिकडे पोहोचल्यावर फाइलीत काय काय ठेवायचं ते सांगते. कागदपेन्सिल घेतली तरी चालेल.

सगळ्यांच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि एमिरेट्स आयडीच्या प्रती. नवऱ्याच्या नोकरीच्या कराराची प्रत. त्यात मूळ पगार किती लिहिला आहे ते वाचा, कारण पुढे सगळा हिशेब त्याच आकड्यावर होतो. घराचा भाडेकरार आणि पुढच्या तारखांचे किती चेक मालकाकडे दिलेत त्याची यादी. बँकेच्या खात्यांची आणि कर्जांची यादी, क्रेडिट कार्डासकट. आरोग्य विम्याची कार्डं. मुलांची प्रगतिपुस्तकं. बाळ तिकडे जन्मलं असेल तर त्याचा जन्मदाखला. बाळाचा व्हिसा जन्मापासून १२० दिवसांत करावा लागतो आणि भारतीय वकिलातीत नोंद एका वर्षाच्या आत.

एक गोष्ट या यादीत नीट लिहून ठेवा: नवऱ्याचा मूळ पासपोर्ट कुठे आहे. तो कंपनीने स्वतःकडे ठेवणं यूएईच्या कायद्यात बसत नाही. आणि बाळंतपणाला किंवा आजारपणात सेवेला गावी आलात तर तारखा मोजा. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त यूएईबाहेर राहिलात तर राहण्याचा व्हिसा बाद होतो.

मग प्रश्न येतो, ही फाइल उपयोगाला कधी पडते?

समजा नोकरी गेली. तिकडे ते अचानक होतं. शुक्रवारी कामावर गेलेला माणूस सोमवारी घरी असतो. अशा वेळी बायकोला तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, ग्रॅच्युइटी. एक वर्ष नोकरी झाली की ती मिळते. पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. मूळ पगार ३,००० दिरहम आणि नोकरी ६ वर्षं झाली असेल तर १३,५०० दिरहम होतात. हा हिशेब स्वयंपाकघरात बसून करता येतो. दुसरी गोष्ट, नोकरी जाण्याचा विमा. २०२३ पासून तो सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम हप्ता. किमान १२ महिने हप्ते भरलेले असले तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त ३ महिने मिळते. पण अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, आणि स्वतः राजीनामा दिला तर हा विमा मिळत नाही. म्हणून साहेबाने राजीनाम्यावर सही मागितली तर घाई करू नका, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. तिसरी गोष्ट, व्हिसा रद्द झाल्यावर किती दिवस राहता येतं. ते व्हिसाच्या प्रकारावर ठरतं. रद्द झाल्याच्या कागदावर तारीख असते ती वाचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

आता दुसरं बोलते. ऐकायला जड आहे, पण बोलायलाच हवं.

आमच्या इमारतीत एक वहिनी होत्या. नवरा चाळिशीचा, रात्री छातीत दुखलं आणि सकाळी गेला. शेजारीपाजारी धावले. पण दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की हातात फक्त दीडशे दिरहम आहेत. कार्ड नवऱ्याचं. खातं नवऱ्याचं. बँकेला मृत्यू कळला की खातं गोठतं आणि कोर्टाचा वारसाचा कागद येईपर्यंत पैसे निघत नाहीत. खातं जोडीचं असलं तरी गेलेल्या माणसाचा हिस्सा अडकतोच. वीज, शाळा, भाडं, सगळ्याचे ओटीपी त्याच्या फोनवर, आणि त्या फोनचं कुलूप त्याच्या बोटाने उघडणारं. नवरा गेल्याचं रडू बाजूला ठेवून त्या बाईला फोनच्या पासवर्डसाठी वणवण करावी लागली. तिचा दोष काय? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून चार कामं करा. एक, स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं तिकडे उघडा. अनेक बँका गृहिणीचंही बचत खातं उघडतात, नवऱ्याचे काही कागद मागतात एवढंच. त्यात दोन-तीन महिन्यांचा घरखर्च आणि तुमच्या तिकिटांचे पैसे असू द्या. दोन, यूएई पासवर स्वतःची नोंदणी स्वतःच्या फोनवर करा. तिकडची सरकारी कामं आता त्याच्यावरच चालतात. तीन, मृत्युपत्र. बिगरमुस्लिम कुटुंबांना दुबईत २०१५ पासून आणि अबुधाबीत २०१७ पासून ते नोंदवायची सोय आहे. मुलं लहान असतील तर त्यांचा सांभाळ कोण करणार हेही त्यात लिहिता येतं. मृत्युपत्र नसेल तर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने बिगरमुस्लिमांच्या तिथल्या मालमत्तेचा अर्धा वाटा जोडीदाराला आणि अर्धा मुलांना जातो. मुस्लिम घरांत वाटे शरियतप्रमाणे ठरतात. तेव्हा कोण कोण वारस लागतं, ते जाणत्या माणसाकडून आधीच समजून घ्या. चार, इकडच्या एलआयसीत आणि बँकेत नॉमिनी कोण आहे ते पाहा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर बहुधा आईचंच नाव असतं. सासूबाईंना वाईट वाटू न देता, त्यांना सांगूनच ते नीट करून घ्या.

आणि काही वाईट घडलंच तर हे लक्षात ठेवा. कंपनीच्या व्हिसावर असलेल्या माणसाचं पार्थिव मायदेशी पाठवायचा खर्च हा कंपनीचा. ग्रॅच्युइटी आणि राहिलेला पगार हा कुटुंबाचा. विधवेला आणि तिच्या मुलांना स्पॉन्सरशिवाय एक वर्ष राहायचा व्हिसा २०१८ पासून मिळू शकतो, म्हणजे मुलांचं शाळेचं वर्ष तुटत नाही. यूएईत भारतीयांसाठी मदतीचा मोफत फोन आहे, ८००४६३४२. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९८. हे आकडे फ्रिजवर चिकटवा. ज्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा आहे, त्यांचा जाताना प्रवासी भारतीय विमा निघालेला असतो. अपघाती मृत्यूला त्यात १० लाख रुपये आहेत. त्या पॉलिसीची प्रत गावी आईवडिलांकडे राहू द्या.

खरं तर सगळ्या फाइलचीच एक प्रत गावी हवी. भाऊ, दीर, मामा, जो कुणी व्यवहारी आणि विश्वासाचा असेल त्याच्याकडे. इकडे बसलेल्या आईला निदान मुलाच्या कंपनीचं नाव आणि जावयाचा पासपोर्ट नंबर तरी ठाऊक असावा.

आता तुम्ही म्हणाल, हे घरात बोलायचं कसं? विषय काढला की नवरा म्हणतो, “कशाला अभद्र बोलतेस?” काहींना वाटतं, बायको पैशांचा हिशेब मागते आहे. तर भांडून विषय काढू नका. नोकरीचा व्हिसा साधारण दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. त्या वेळी सगळे कागद तसेही बाहेर येतात. त्या दिवशी चहा ठेवा, समोर बसा आणि म्हणा, “अहो, हे सगळं एकदा मला समजावून सांगा. तुम्ही आजारी पडलात तर मला धावपळ करता यायला हवी.” यात अभद्र काही नाही. पूर्वी आपल्या आज्या दागिने कुठल्या हंड्यात आहेत ते सुनेला सांगून ठेवत, तसंच हे.

आणि नवरे मंडळी ऐकत असतील तर त्यांनाही सांगते. तुम्ही उन्हातान्हात राबता ते या माणसांसाठीच. मग तुमच्या मागे त्यांना दारोदार हात पसरावे लागणार नाहीत, एवढी तजवीज करायला एक रविवार पुरतो. यूएईत आता रविवारी सुट्टीच असते.

मैत्रिणींनो, आज रात्री तिकडच्या माणसाचा फोन येईल. जेवलात का, मुलं काय म्हणतात, हे विचारून झालं की एक प्रश्न आणखी विचारा: आपल्या घराची फाइल कुठे आहे?