मिस्टर मॅजिक आणि अपरात्रीची नभोवाणी



न्यूयॉर्कच्या नभोवाणीवरचा एक निवेदक, आणि त्याच्यावर वसंत व्याख्यानमालेत व्याख्यान! फलक वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण ज्या घरांत बिनाका गीतमालेसाठी रेडिओ सिलोनचा काटा जुळवला गेला, तेथे ही गोष्ट परकी वाटू नये. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांपुढे दार लोटले (मंत्री होते डॉ. केसकर, म्हणजे आपलेच!), आणि श्रोते शेजारच्या दारी गेले.

जॉन रिवास हे त्या गृहस्थांचे नाव. लोक त्यांना 'मिस्टर मॅजिक' म्हणत. हिप-हॉप जन्मले ब्राँक्समध्ये. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क यांनी बहिणीने भरवलेल्या समारंभात तबकड्या वाजवल्या, तेथून ही परंपरा मोजतात. पुढे ती वाढली गल्ल्यांत, बागांत, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींतून. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' धडाक्याने खपली, तरी मोठ्या केंद्रांना ही चार दिवसांची लहरच वाटली.

त्याच वर्षी रिवास डब्ल्यूएचबीआय केंद्रावर आले. हे केंद्र चक्क वेळ विकत असे. जत्रेत जागा भाड्याने घेऊन दुकान मांडावे तसेच ते: आधी पैसे मोजा, तास घ्या, मग जाहिराती मिळवून खर्च भागवा. आणि तासही अपरात्रीचे! पण जागणारी मुले जागतच होती. १९८२ साली डब्ल्यूबीएलएस या बड्या केंद्राने त्यांना बोलावले. 'रॅप अटॅक' सुरू झाला, तबकड्यांवर मार्ली मार्ल बसू लागले. घरोघर मुले कॅसेटयंत्राचे बटण दाबून टपून बसत. त्यांतलाच एक ब्रुकलिनचा मुलगा पुढे नोटोरियस बी.आय.जी. म्हणून गाजला, १९९४च्या 'ज्युसी' गीतात त्याने या कार्यक्रमाची आठवण नावानिशी काढली आहे.

आता दुसरी बाजू, कारण मी येथे आरती ओवाळायला उभा नाही. ज्यांनी दार उघडले तेच पुढे दारवान झाले. आवडत्या कलावंतांचे कडे त्यांनी भोवती जमवले. न आवडलेल्याची भर कार्यक्रमात टर उडवली. पब्लिक एनिमीची तबकडी अशीच झिडकारली. त्या मंडळींनी काय केले? तो तुच्छतेचा आवाजच उचलला आणि १९८८च्या आपल्या संग्रहात बसवला! केआरएस-वन यांचेही तसेच. ब्राँक्स आणि क्वीन्सचा जो गीतांचा सामना १९८७मध्ये रंगला, त्याच्या मुळाशी रिवास यांनी केलेला अव्हेर होता असे सांगतात. मला वाटते, त्यांच्या कौतुकाइतकेच त्यांच्या नकारानेही हे संगीत पेटले.

२ ऑक्टोबर २००९ रोजी हृदयविकाराने ते वारले. वय अवघे त्रेपन्न. त्या रात्रींपैकी जे आज ऐकू येते, त्यातले बरेचसे श्रोत्यांनी घरी भरून ठेवलेल्या कॅसेटींवरचे आहे. मागे खरखर असते. मधेच फीत संपते आणि निवेदकाचे वाक्य अर्धेच राहते.