मुक्या टेपरेकॉर्डरची घरगुती दुरुस्ती

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या वरच्या फळीवर एखादा जुना कॅसेट टेपरेकॉर्डर धूळ खात पडलेला असेल. शेजारीं पुठ्ठ्याच्या पेटींत दिवंगत आजीच्या आवाजांतील ओव्यांची एकुलती एक कॅसेटही असेल. कळ दाबावी, तर मोटर घुरघुरते, पण चक्र कांहीं फिरत नाहीं. आणि मंडळी तें यंत्र भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यास सिद्ध होतात. ही घाई बरी नव्हे.

१९६३ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत फिलिप्स कंपनीनें ही कॅसेट प्रथम मांडली. तिच्यांतील ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत एक पोलादी दांडी व एक रबरी रूळ यांच्या चिमटींतून सेकंदास ४.७६ सेंटिमीटर वेगानें सरकते. मोटरीची गति त्या दांडीपर्यंत पोंचविणारा रबरी पट्टा हाच बहुधा खरा अपराधी! कालांतरानें तो सैल पडतो, किंवा डांबरासारखा पाझरून चाकांस चिकटतो. वीज तोडून, झांकण काढून, तें डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें पुसावें. (जुनें धोतर नेसून बसावें, तो डाग सहसा जात नाहीं.) नव्या पट्ट्याचें माप चाकांभोंवतीं दोरा फिरवून घ्यावें; पट्टा त्याहून किंचित् आंखूड हवा, म्हणजे ताण बसतो.

हेडही त्याच कापसानें स्वच्छ करावें, मात्र त्याच्या बाजूचा स्क्रू फिरवूं नये. फितीशीं असलेला त्याचा काटकोन ढळला, कीं तीव्र स्वर बसके होतात. वेग ताडण्यास बाजारी कॅसेटवरील एखादें गीत पुरे. वेष्टनावर छापलेला कालावधि घड्याळाशीं जुळवून पाहावा. पुष्कळ मोटरींच्या पाठीवरील छिद्रांतून वेग कमीअधिक करतां येतो.

प्रथम चांचणी टाकाऊ कॅसेटवरच करावी. कॅसेटच्या पाठच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या जिभल्या मोडून टाकल्या, म्हणजे तिजवर नवें ध्वनिलेखन होत नाहीं. पावसाळी हवेंत फितीवर पांढरी बुरशी धरली असल्यास ती कॅसेट यंत्रांत घालूंच नये.

कोंकणांतील एका घरीं यंत्र नीट झालें, त्या संध्याकाळीं आनंदाच्या भरांत जिभल्यांचें भान कोणास राहिलें नाहीं, आणि भलत्याच कळा दाबल्या गेल्या. त्या कॅसेटवर आतां आरंभीं नातवाचा आवाज येतो, "लागलें का?" आणि मग आजी मधूनच ओवी उचलते.