एका दिवसाची सहल : आधी डोंगर, मग नगर
(इन्सुली येथे प्राथमिक शिक्षकांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाली की मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'गुरुजी, यंदा सहल कुठे?' आपणही लगेच कागद पुढे ओढून गावांची नावे लिहू लागतो. यादी जितकी लांब तितकी सहल मोठी, असा आपला एक समज झालेला आहे. माझाही तो होता. तो कसा मोडला हे आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका दिवसात सहा ठिकाणे दाखविण्याचा बेत केला. पहाटे निघालो आणि रात्री उशिरा परतलो. दुसऱ्या दिवशी मुलांना 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. बहुतेकांनी घाटात कोणाला उलटी झाली, कोणी कोणती मिठाई वाटली आणि गाडीत कोणती गाणी म्हटली एवढेच लिहिले होते. एका मुलाने मात्र निबंधाच्या शेवटी प्रामाणिकपणे विचारले होते, 'गुरुजी, देवळानंतर आपण जेथे उतरलो ते गाव कोणते?' मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढू शकलो नाही. चूक मुलाची नव्हती. ते ठिकाण आम्ही वीस मिनिटांत उरकले होते. त्याहून अधिक लागली ती दुसरी गोष्ट. वर्गातील एक मुलगी त्या दिवशी आली नव्हती. घरी आई आजारी आहे असे तिने सांगितले. पुढे कळले की आई ठणठणीत होती, वर्गणीचे पैसे तेवढे नव्हते. ठिकाणे वाढली म्हणून प्रवास वाढला, प्रवास वाढला म्हणून वर्गणी वाढली, आणि माझ्या लांबलचक यादीची किंमत त्या मुलीने घरी बसून दिली.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. एका दिवसाच्या सहलीत एक डोंगर आणि एक नगर, याहून अधिक काही घ्यावयाचे नाही. दोन्ही शक्य तितकी शाळेजवळ असावीत आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध असावा.

आपल्या इन्सुलीच्या मुलांसाठी असे नगर शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. आठ-दहा किलोमीटरवर सावंतवाडी आहे आणि तिला लागूनच नरेंद्र डोंगर आहे. मी हे सुचविले तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, 'वाडी काय बघूची, गुरुजी? आमी बाजारात जातोच मा!' त्याचे म्हणणे खरे होते. मुले वाडीला जातात, पण बाजाराच्या पिशवीमागून जातात. ज्या गावावरून आपण नित्य जातो ते गाव आपण पाहिलेले असतेच असे नाही. नित्याच्या वस्तूकडे नव्या डोळ्यांनी पाहावयास शिकविणे, हे तर शिक्षकाचे मुख्य काम आहे.

आता डोंगर आधी का? स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक गेडीस नावाचे एक विचारवंत होऊन गेले. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, येथील अनेक नगरांची पाहणी करून त्यांनी नगररचनेचे अहवाल लिहिले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. एडिंबरो येथे १८९२ पासून त्यांच्याकडे एक मनोरा होता. तेथे येणाऱ्या माणसाला ते प्रथम थेट वरच्या गच्चीवर नेत व नगर, डोंगर आणि समुद्र एका दृष्टिक्षेपात दाखवीत. मग एकेक मजला खाली उतरत नगराची, देशाची आणि जगाची माहिती देत. आधी सबंध चित्र आणि मग त्याचे भाग, असा हा क्रम आहे. आपल्याजवळ मनोरा नसला तरी डोंगर आहे. शिवाय सकाळी ऊन कोवळे असते आणि मुलांचे पाय ताजे असतात, हा व्यवहारही विसरून चालणार नाही.

म्हणून साडेसातला इन्सुलीहून निघावे आणि आठच्या सुमारास डोंगर चढू लागावे. वाटेत मुलांना मोकळे सोडावे, पण प्रत्येक गटाला एकच काम द्यावे. एका गटाने पानांचे आकार पाहावेत, दुसऱ्याने पक्ष्यांचे आवाज मोजावेत, तिसऱ्याने मातीचा रंग कोठे बदलतो ते टिपावे. पाने-फुले तोडावयाची नाहीत, गळलेली तेवढी उचलावयाची. जेथून नगर दिसते तेथे सर्वांनी बसावे आणि दहा मिनिटे कोणी बोलू नये. मग पाटीवर वा वहीत समोरचे नगर काढावे. तळे कोठे, दाट घरे कोठे, रस्ता कोणीकडून येतो आणि आपले गाव कोणत्या दिशेस राहिले, एवढे नकाशात आले तरी भूगोलाचे चार पाठ झाले असे समजावे.

डोंगरावर आणखी एक प्रश्न विचारावा, 'येथे पडलेले पावसाचे पाणी कोठे जाते?' आपल्या मुलांना बांद्याजवळून वाहणारी तेरेखोल ठाऊक आहे. ती पुढे महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमेवरून अरबी समुद्रास मिळते. पण आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे जाते, घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस मिळते, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास पोहोचते. आपल्याच तालुक्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, हे ऐकून मुलांचे डोळे कसे विस्फारतात ते आपण एकदा पाहाच.

आंबोलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. ती त्याच दिवशी उरकण्याचा मोह आवरावा. आंबोली सावंतवाडीपासून सुमारे तीस किलोमीटर घाटात आहे आणि तिला तिचा स्वतंत्र दिवस दिला पाहिजे. तेथील हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेली एक लहानशी मासोळी २०२० साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाली. तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली ते स्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. ज्या ठिकाणी बोटभर मासोळीसाठी विद्वान माणसे तासन् तास थांबली, तेथे आपण मुलांना गाडीतून 'तो पाहा धबधबा' म्हणत पुढे न्यावे, हे शोभणारे नाही.

डोंगर उतरून शिदोरी सोडली की नगराकडे वळावे. प्रथम राजवाडा. तो तिसरे खेमसावंत यांच्या काळातील आहे. तेथे मुलांना राजांची वंशावळ पाठ करावयास लावू नये, गंजिफा दाखवावी. या गोल पत्त्यांचा खेळ एके काळी घरोघर होता. पुढे तो मागे पडला आणि कला नष्ट होण्याच्या वाटेवर असता शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी ती कारागिरांकरवी पुन्हा उभी केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही लाभले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच असतात. प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण किती, हे मुलांनी तेथेच उभ्याउभ्या सांगावे. एकशे वीस हे उत्तर फळ्यावरच्या गुणाकारातून येते तेव्हा ते विसरले जाते, पण रंगीत पत्त्यांतून येते तेव्हा राहते. आणि हे अवतार आपल्या मुलांना परके नाहीत. जत्रेत रात्रभर जागून त्यांनी दशावतारी नाटके पाहिलेली आहेत. रंगमंचावरील देव पत्त्यावर कसा उतरला, याची तुलना ती आपण होऊन करतात.

त्यानंतर चितार आळी. येथील लाकडी फळे आणि खेळणी सर्वांना ठाऊक आहेत, पण लाकूड कोणते हे किती जणांना ठाऊक असते? पुष्कळ खेळणी पांगाऱ्याची. पांगारा हलका आणि मऊ, म्हणून कोरावयास सोपा. हाच पांगारा आपल्या कुंपणाला असतो, मिरीचा वेल त्याच्यावर चढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी तो तांबड्या फुलांनी पेटतो. ज्या झाडाला मुले रोज दगड मारतात त्याचाच आंबा, तोच पोपट, तीच बैलगाडी झालेली पाहिली म्हणजे डोंगर आणि नगर यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कारागिराची परवानगी आधी घ्यावी, दुकानात गर्दी करू नये आणि मुलांनी त्याला विचारावयाचे प्रश्न वर्गात आधीच तयार करून न्यावेत. 'हे काम कोणाकडून शिकलात?' हा माझ्या अनुभवात सर्वांत चांगला प्रश्न आहे.

दिवसाचा शेवट मोती तलावाच्या काठी करावा. हा तलाव १८७४ साली बांधण्यात आला. सकाळी वरून जो ठिपक्याएवढा दिसला त्याच्या काठावर बसून मुलांनी सकाळचा नकाशा पुन्हा उघडावा आणि चुका दुरुस्त कराव्यात. पाचला निघालो तर दिवेलागणीच्या आत प्रत्येक मूल आपापल्या घरी पोहोचते.

येथे पाण्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर, बेळगावहून आलेल्या सहलीतील आठ जणांचा अंत झाला. ती मोठी, शिकलेली माणसे होती. आपल्याबरोबर तर आठ-दहा वर्षांची मुले असतात. म्हणून तळे असो, नदी असो की समुद्र, पाणी काठावरूनच पाहावयाचे, पाऊलही भिजवावयाचे नाही. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. निघताना, प्रत्येक ठिकाण सोडताना आणि गाडीत बसल्यावर मोजणी करावी. ती नावे घेऊन करावी, केवळ डोकी मोजून नव्हे. पालकांची लेखी संमती, वरिष्ठांची परवानगी आणि औषधांची पेटी यांत कधी सवलत घेऊ नये.

सवलत घ्यावयाचीच तर भाड्यात घ्यावी. एस. टी. महामंडळ शालेय सहलींना ती देते, तिची चौकशी आगाराकडे वेळेवर करावी. राजवाडा कोणत्या दिवशी बंद असतो आणि प्रवेशमूल्य किती, हे शिक्षकाने आठ दिवस आधी स्वतः जाऊन पाहून यावे. खर्चाचा हिशेब मुलांकडूनच वर्गात मांडून घ्यावा. वर्गणी ठरविताना मात्र वर्गातील सर्वांत गरीब घर डोळ्यांपुढे ठेवावे. ज्याला देता येत नाही त्याचा वाटा शाळेने, ग्रामस्थांनी किंवा आपण सर्वांनी मिळून उचलावा आणि तो कोणी उचलला हे वर्गात कोणाला कळू नये.

मागच्या खेपेस आम्ही असेच गेलो. परत आल्यावर मुलांनी जाड कागदाची एकशे वीस गोल पाने कापून रंगविली. एका मुलाने कुंपणातला पांगारा मोजून त्याची नोंद ठेवावयास सुरुवात केली. निबंध पूर्वीपेक्षा आखूड होते, पण कोणते गाव पाहिले हे विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती. आणि हजेरीपट घेऊन गाडीच्या दाराशी उभा होतो तेव्हा सगळ्या नावांना 'हजर' हे उत्तर आले होते. माझ्या दृष्टीने सहलीचे यश त्या एका शब्दात होते.

बंधुभगिनींनो, आपण प्रत्येकाने आपल्या शाळेजवळचा एक डोंगर आणि एक नगर यंदा शोधून काढावे व पुढील सभेस त्याची आखणी लिहून आणावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.