सहल, रांग आणि दिव्यांग मूल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



शालेय सहल हा शिक्षणाचाच एक भाग होय, हे प्राथमिक शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. पूर्वी सहल म्हणजे नदीकाठचे वनभोजन किंवा कळंबच्या चिंतामणीचे दर्शन एवढीच कल्पना असे. आता यवतमाळ जिल्ह्यातील मुले नागपूरचे रामन विज्ञान केंद्र पाहतात, शेगावला जातात, पाण्याच्या घसरगुंड्यांच्या उद्यानांत खेळतात; आणि खोपोलीजवळ 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिकासारख्या मनोरंजन-उद्यानाचे नाव पोडावरील मुलांच्याही कानी गेलेले असते. या सर्व स्थळांचा एक समान धर्म आहे. तेथे पाहण्याखेळण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून अधिक वेळ पुष्कळदा रांगेत जातो. पाळणा तीन मिनिटांचा आणि प्रतीक्षा पाऊण तासाची, असा हा व्यवहार असतो.

निरोगी मुलास रांग म्हणजे थोडा कंटाळा आणि थोडी धक्काबुक्की. परंतु एखाद्या मुलाच्या बाबतीत पाळणा अवघड नसतो, पाळण्यापर्यंत पोहोचणेच अवघड असते. अशा मुलाच्या पालकास सहलीपूर्वी "यंदा राहू द्या, त्याचे हाल होतील," असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. पण मूल घरी राहते, आणि सहलीच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला सहलीवर निबंध लिहावयास दिला जातो.

कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाची अडचण सर्वांस दिसते. न दिसणाऱ्या अडचणीकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे, आणि या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर सिकलसेलचा विचार आधी केला पाहिजे. विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत आढळणारा हा आनुवंशिक रक्तविकार होय. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम या गोष्टी ती वेदना ओढवून आणतात. आता शाळेची सहल डोळ्यांसमोर आणावी. पौषातील पहाटे एस. टी.च्या उघड्या खिडकीचा वारा, दुपारी उन्हात तासभर उभे राहणे, आणि मग गार पाण्यात उडी! तिन्ही गोष्टी एकाच दिवसात घडतात. शिवाय या विकारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे मुलास पाणी पुष्कळ प्यावे लागते आणि लघवीसही वारंवार जावे लागते. रांगेत "आता नंबर आलाच, थोडा धीर धर," हे शिक्षकाचे साधे वाक्य त्याला शिक्षा ठरते. आणि तशी वेळ येऊ नये म्हणून ते पाणीच पीत नाही, हे तर त्याहून घातक. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे व तपासण्या होत आहेत. केवळ वाहक असलेले मूल आणि प्रत्यक्ष रुग्ण असलेले मूल यांतील भेद शिक्षकाने आरोग्यसेवकाकडून समजून घ्यावा. वाहकास उगीच घरी बसविणे हाही अन्यायच.

स्वमग्न मुलाची गोष्ट निराळी. त्याचे पाय दुखत नाहीत, परंतु अनोळखी अंगांचा स्पर्श, भोंग्यांचा कल्लोळ आणि केव्हा संपेल हे न कळणारी प्रतीक्षा त्यास सोसवत नाही. मग ते किंचाळते, जमिनीवर लोळते आणि भोवतालचे लोक त्याला हट्टी म्हणतात. हे शिक्षकास सहलीच्या दिवशीच कळावे, याला काही कारण नाही. शाळेत रोजच रांग असते: परिपाठाची, नळाची, पोषण आहाराच्या ताटांची. कोणते मूल या रांगांत किती वेळ टिकते, कशाने अस्वस्थ होते आणि काय दिले असता शांत होते, याचे आठवडाभर निरीक्षण करणाऱ्या शिक्षकास सहलीची निम्मी तयारी झाली असे समजावे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. 1995 च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने ते एकवीस केले. तो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला, आणि त्यात स्वमग्नता व सिकलसेल दोन्ही आहेत. शाळेने दिव्यांग मुलास खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे त्याचे कलम 16 सांगते. कलम 29 सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांतील सहभागासंबंधी आहे आणि ते शासन व स्थानिक प्राधिकरणे यांस उद्देशून आहे. तेव्हा सहलीस नेणे ही मेहेरबानी नव्हे.

आता आक्षेपाचा विचार करू. एका मुलास पुढे सोडले तर ज्यांनी ऊन सोसले त्यांच्यावर अन्याय नाही काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या गावांतील सार्वजनिक नळावर पूर्वीपासून मिळालेले आहे. पाणी येण्यापूर्वी तेथे गुंड, घागरी, बादल्या ओळीने ठेवलेल्या असतात आणि बायाबापड्या निंबाच्या सावलीत बसलेल्या असतात. रांगेत भांडे उभे असते, माणूस नव्हे. तरीही कोणाचा नंबर कोणाला जात नाही. नंबर राखणे आणि उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या गुंडाने कधीच सिद्ध केले आहे.

अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांनी 2013 च्या ऑक्टोबरात हेच केले. तत्पूर्वी तेथे दिव्यांग पाहुण्यांस वेगळ्या वाटेने लवकर प्रवेश मिळे. पुढे काही सधन कुटुंबे रांग चुकविण्यासाठी दिव्यांग व्यक्तीस भाड्याने सोबत नेतात, अशा बातम्या आल्या. त्यानंतर आलेल्या नव्या पद्धतीत प्रतीक्षा तेवढीच ठेवली, फक्त ती रांगेबाहेर करावयाची: पाहुण्यास परत येण्याची वेळ दिली जाते, तोवर त्याने सावलीत बसावे, पाणी प्यावे, शौचालयास जावे. 2024 मध्ये ही सोय प्रामुख्याने स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती मर्यादित करण्यात आली आणि त्यावरून तेथे वाद माजला. तिरुपतीस वेळ ठरवून टोकन देतात, ही पद्धत वऱ्हाडातील पुष्कळ यात्रेकरूंच्या परिचयाची आहे. पंढरपुरासही पदस्पर्शाच्या दीर्घ रांगेखेरीज मुखदर्शनाची सोय आहेच.

जेथे अशी व्यवस्था लिहून लावलेली नसेल, तेथे शिक्षकाने ती मागावी. सहलीच्या आठ दिवस आधी दूरध्वनीवरून व्यवस्थापकास विचारावे: बसण्यास सावली कोठे, शौचालय किती अंतरावर, ओळखपत्र लागेल काय, मुलाचा नंबर वर्गासोबत धरून त्यास ऐनवेळी बोलावता येईल काय. स्पष्ट विचारले असता बहुधा स्पष्ट उत्तर मिळते. वैश्विक ओळखपत्र निघाले असेल तर प्रत सोबत असावी. झरी जामणी, मारेगावसारख्या तालुक्यांतील ज्या कुटुंबांस ते अद्याप मिळालेले नाही, त्यांच्या मुलांसाठी मुख्याध्यापकाने शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र द्यावे. ते प्रमाणपत्राची जागा घेणार नाही, पण दारावरच्या माणसाशी बोलणे त्यामुळे सोपे होईल. उंची, हृदयविकार इत्यादींसंबंधी पाळण्याचे जे सुरक्षेचे नियम असतात, त्यांबाबत मात्र हुज्जत घालू नये.

आणखी एक गोष्ट. रांगेबाहेर बसलेल्या मुलाकडे साऱ्या वर्गाच्या चपला व पिशव्या सांभाळावयास देण्याची एक वाईट चाल पडली आहे. दिवसभर ओझी राखून परतलेले मूल सहलीस गेले असे म्हणता येत नाही. त्याच्यासोबत दोन वर्गमित्र पाळीपाळीने बसवावेत आणि नंबर आला की तिघांनी मिळून जावे. सबंध वर्गास त्याच्या निमित्ताने पुढे घुसविण्याचा मोह टाळावा. ज्यास गार पाणी वर्ज्य आहे, त्याच्यासाठी कोरड्या खेळांचा वेळ आधीच राखून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी नुसते काठावर बसणे त्याच्या वाट्यास येणार नाही.

डिसेंबर-जानेवारीतील सहलींची आखणी दिवाळीच्या सुटीनंतर लगेच सुरू होते. दिव्यांग मुलांच्या पालकांशी बोलणे त्यापूर्वी, म्हणजे स्थळ ठरण्याआधी व्हावे. स्थळ ठरल्यावर पालकास विचारले तर तो "नको" एवढेच म्हणू शकतो. आधी विचारले तर मुलास किती वेळ उभे राहता येते, त्याला कशाची भीती वाटते आणि काय पाहावेसे वाटते, हे तो सांगेल. आणि ही शेवटची गोष्ट प्रत्यक्ष मुलालाच विचारता आली तर फारच बरे.